होमपेज नेमकं कोणाचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात एका व्हरांड्यापासून करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राच्या गळ्यात एका विद्यापीठाच्या वेबसाइटचं होमपेज नव्याने करायचं काम पडलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तुमच्या विद्यापीठाची साइट उघडा, साधारण तशीच असेल. मी दिवसभर एका कंपनीत कोड लिहितो, म्हणून त्याने मला शनिवारी मदतीला बोलावलं. मला वाटलं डिझाइन दाखवेल. तर नाही. ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसायचं, येणाऱ्या मुलांना थांबवायचं आणि त्यांच्याच मोबाईलवर एक काम करायला सांगायचं: बॅकलॉगच्या विषयाचा परीक्षा फॉर्म शोधून दाखव. आपण मदत करायची नाही, फक्त बघायचं. चहा आमच्याकडून.

पहिल्या मुलाने साइट उघडलीच नाही. तो थेट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेला आणि 'फॉर्म' असं सर्च केलं. साइटवरूनच शोध म्हटल्यावर हसला. दुसऱ्याने वरच्या हलत्या पट्टीतली लिंक पकडायचा प्रयत्न केला. बोट टेकेपर्यंत ती पुढे निघून जायची. तिसरी मुलगी बी.कॉम.ची होती. तिने दीक्षान्त समारंभाचे फोटो बाजूला सारले, मेनूत 'परीक्षा' शोधलं, 'परीक्षा विभाग' उघडला. तिथे विभागाची स्थापना, ध्येय आणि अधिकाऱ्यांचे फोटो. मागे आली. 'परिपत्रके' उघडलं. स्कॅन केलेली पीडीएफ, तीही आडवी. तिने वाचायला फोन फिरवला तर पीडीएफही फिरली. सहा मिनिटं झाली तेव्हा ती म्हणाली, "सॉरी सर, मला यातलं काही कळत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

फॉर्म 'स्टुडंट कॉर्नर' नावाच्या मेनूत सातव्या नंबरवर होता.

तिचं 'माझंच चुकतंय' मला चांगलंच लागलं, कारण ते मी स्वतः म्हटलेलं आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझा एम-थ्री राहिला होता. फॉर्मची तारीख साइटवरच्या एका परिपत्रकात होती, ते मला चार दिवस उशिरा दिसलं. सुपर लेट फी भरावी लागली. बाबांनी पैसे पाठवले, काही विचारलं नाही, आणि मी पुढची कित्येक वर्षं तो माझा आळशीपणाच धरून चाललो. असेलही थोडा. पण त्या बाकावर बसेपर्यंत दुसरी शक्यता डोक्यात आलीच नव्हती.

घरी आल्यावर वाचत बसलो, की हे असं झालं कधीपासून? आणि एक गंमत सापडली. वेबची सुरुवातच मुळी लोक जे शोधत होते त्यापासून झाली होती.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत 1990 च्या शेवटी पहिला वेब सर्व्हर चालू केला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सर्नमधल्या लोकांना हायपरटेक्स्ट वगैरेत काडीचा रस नव्हता. त्यांना रोज लागायचा एकमेकांचा फोन नंबर. सर्नची टेलिफोन डिरेक्टरी मेनफ्रेमवर होती आणि नंबर बघायचा तर मेनफ्रेमवर लॉगिन करायला लागायचं. काही जण तर त्या एका कामासाठी वेगळं टर्मिनल दिवसभर चालू ठेवायचे. मग बर्न्ड पोलरमन यांनी ती डिरेक्टरी वेबवर आणली. निकोला पेलो या विद्यार्थिनीने लिहिलेला साधा, फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर जवळपास कुठल्याही संगणकावर चालायचा. एवढ्यावर लोक वेब वापरायला लागले. जग बदलणार वगैरे कुणाच्या मनात नव्हतं, नंबर पटकन मिळत होता इतकंच.

तिथून हे विद्यापीठात कसं आलं? पॉल कुन्झ हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्लॅक या प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ. सप्टेंबर 1991 मध्ये ते सर्नला गेले, वेब बघितलं आणि त्यांना आपल्या ग्रंथालयाचा डेटाबेस आठवला. कणभौतिकीच्या शोधनिबंधांची जगभर वापरली जाणारी ती सूची होती, पण वापरायला किचकट. स्लॅकच्या ग्रंथपाल लुईस ॲडिस यांनी ही कल्पना उचलून धरली. 12 डिसेंबर 1991 ला युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर तिथे चालू झाला. त्यावरचं पान अवघ्या तीन ओळींचं होतं. एक लिंक ईमेलची, एक डेटाबेसची. संपलं. कुलगुरूंचा संदेश नाही, ध्येय नाही, फोटो नाही. अर्थात फोटो टाकायची सोयही तेव्हा नव्हती, त्यामुळे त्यांना उगाच संत ठरवायला नको.

ती सोय आली तीही विद्यापीठातूनच. 1993 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या सुपरकम्प्युटिंग केंद्रातून मोझेक नावाचा ब्राउझर बाहेर पडला, ज्यात मजकुराच्या मध्येच चित्र दिसायचं. वेब सर्वसामान्यांपर्यंत पोचलं ते त्यामुळे. आणि माझ्या मते होमपेजचा मालक बदलायला सुरुवातही तिथूनच झाली. चित्र लावता येतं म्हटल्यावर 'कुणाचं लावायचं' हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर द्यायला समिती बसली. इंटरनेट आर्काइव्ह 1996 पासून वेबपानांच्या प्रती साठवतंय. एखाद्या जुन्या विद्यापीठाचा पत्ता तिथे टाका आणि वर्षामागून वर्ष बघत जा. आधी लिंकांची यादी, मग इमारतीचा फोटो, मग फिरते फोटो. आपल्याकडे त्यात हलती पट्टी आणि लुकलुकणारं 'न्यू' यांची भर. हलत्या पट्टीचा तो टॅग मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने आणला आणि एचटीएमएल 5 ने अधिकृतपणे कालबाह्य ठरवला. आमच्या विद्यापीठाला हे कुणी कळवलं नव्हतं.

30 जुलै 2010 ला रँडल मन्रो यांनी त्यांच्या एक्सकेसीडी या कॉमिकमध्ये दोन वर्तुळं काढली. एकात विद्यापीठाच्या होमपेजवर काय असतं: कॅम्पसचे फोटो, प्रसिद्धिपत्रकं, अध्यक्षांचं पत्र. दुसऱ्यात लोक काय शोधायला येतात: अर्ज, शैक्षणिक कॅलेंडर, प्राध्यापकांचे फोन नंबर, पार्किंगची माहिती. दोन्ही वर्तुळांत सामाईक गोष्ट एकच, विद्यापीठाचं पूर्ण नाव. आमच्या क्षेत्रात हे चित्र इतक्या वेळा फिरलंय की आता त्यावर हसू येत नाही. पण फोन नंबर बघा! ज्या डिरेक्टरीच्या जोरावर वेब सर्नमध्ये रुजलं, तीच वीस वर्षांत 'सापडत नाही' या वर्तुळात गेली.

विनोद झाला, आता आकडा. अमेरिकेतल्याच नोटर डेम विद्यापीठाच्या वेब टीमने 2013 मध्ये आपल्या होमपेजवरच्या फिरत्या फोटोंचा हिशोब जाहीर केला. येणाऱ्यांपैकी साधारण 1 टक्का लोक त्यावर क्लिक करत होते, आणि त्या क्लिकपैकी 80 टक्क्यांहून जास्त पहिल्याच फोटोवर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फोटोसाठी कुठल्या विभागाने किती भांडण केलं असेल, याचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही.

आता त्या बाकाकडे परत येतो, कारण बाकाचाही इतिहास आहे. माणसाला काम देऊन मोठ्याने विचार करायला सांगायचं आणि आपण गप्प बसून ऐकायचं, ही पद्धत मानसशास्त्रातली. आयबीएममध्ये क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये ती संगणकाच्या स्क्रीनसाठी कशी वापरायची ते लिहून काढलं. त्यांचे सहकारी जॉन गूल्ड यांच्या टीमने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंसाठी निरोप ठेवायची फोन यंत्रणा बनवली. ती बनवताना त्यांनी किऑस्कचा पोकळ नमुना आपल्याच ऑफिसच्या बोळात उभा केला आणि जाता-येता लोकांना 'काय वाटतं' विचारत राहिले. 1985 मध्ये गूल्ड आणि लुईस यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्याचं सार असं: वापरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून भेटा, तो प्रत्यक्षात काय करतो ते मोजा, चुकलं की पुन्हा बनवा. आज कुठल्याही बूटकॅम्पमध्ये हे स्लाइडवर लावतात, तेव्हा मात्र ते पटवून द्यावं लागत होतं. आमच्या मीटिंगमध्ये तर अजूनही लागलं.

मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न आला, "पाचच मुलं? एवढ्यावर काय सिद्ध होतं?" प्रश्न वाजवी होता. याकोब निल्सन आणि टॉम लँडाउअर यांनी 1993 मध्ये मांडलेलं गणित असं, की एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो. मग पाच जणांनंतर न सापडलेल्या उरतात 0.69 चा पाचवा घात, म्हणजे 16 टक्क्यांच्या आत. पुढे 2001 मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी मोठ्या साइट्सना पाच अजिबात पुरत नाहीत असं दाखवलं. विद्यापीठाबद्दल मला स्पूल यांची बाजू जास्त पटते. बारावीचा विद्यार्थी, त्याची आई, संलग्न कॉलेजातला क्लार्क आणि पीएच.डी. करणारा संशोधक एकाच दारातून आत येतात, आणि आम्ही फक्त ग्रंथालयात येणारी मुलं पकडली होती.

पण हे सगळं गणित त्या खोलीत बिनकामाचं होतं. मित्राने वादच घातला नाही. त्या मुलीने आधीच परवानगी दिली होती. तिचा चेहरा न दाखवता फक्त स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ त्याने लावला. दीडएक मिनिट सगळे शांत होते. पीडीएफ फिरली तेव्हा कोणीतरी हसलं. मग तिचा आवाज आला, 'माझंच काहीतरी चुकतंय', आणि परीक्षा विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "रोज खिडकीवर मला हेच विचारतात हो. मला वाटायचं मुलं वाचतच नाहीत."

त्यानंतरही फोटो काढायला कोणी तयार झालं नाही. तीन मीटिंग गेल्या. शेवटी ठरलं ते असं: मोबाईलवर सगळ्यात वर चार ओळी, परीक्षा फॉर्म, निकाल, हॉल तिकीट, फी. प्रत्येकीसमोर शेवटची तारीख, अक्षरात लिहिलेली, पीडीएफमध्ये नाही. फोटो त्याखाली, आणि फिरते नाहीत. 'स्टुडंट कॉर्नर' गेला. कुलगुरूंचा संदेश एक स्क्रोल खाली गेला. हे त्यांना कोण सांगणार यावर बराच खल झाला, आणि सांगितल्यावर ते "बरं" म्हणाले.

हलती पट्टी अजून आहे. ती काढायची तर वेगळा ठराव लागतो म्हणे. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पुन्हा बाकावर बसणार आहोत, या वेळी मुलांबरोबर आलेल्या आईवडिलांना घेऊन.