कार्डाचा वंशज: मार्क नोंदीची कुळकथा

१८५० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत चार्ल्स कॉफिन ज्युएट हे ग्रंथपाल होते. देशभरातली ग्रंथालये तीच ती पुस्तके घेतात आणि त्याच पुस्तकाची नोंद गावोगावचा ग्रंथपाल पुन्हा पहिल्यापासून लिहितो, हे त्यांना फार खटकायचे. त्यांनी तोडगा काढला तो असा. एका पुस्तकाच्या नोंदीचा एक छपाईचा ठोकळा करायचा आणि सगळे ठोकळे वॉशिंग्टनला ठेवायचे. ज्या ग्रंथालयाला सूची छापायची असेल त्याने आपल्या पुस्तकांची यादी धाडायची. हवे ते ठोकळे वर्णानुक्रमे लावून सूची छापून मिळेल. ठोकळ्यांसाठी वापरली इंडियाना राज्यातली चिकणमाती. माती काही धड वागली नाही आणि लोकांनी या उद्योगाला 'चिखलाचा कॅटलॉग' म्हणून नाव ठेवले. शेवटी १८५५ साली वरिष्ठांशी खटके उडून ज्युएटची नोकरीच गेली आणि ठोकळेही मागे पडले.

पण कल्पना पक्की होती. नोंद एकदाच करायची, एकाच ठिकाणी करायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. ग्रंथालयांच्या संगणकांमध्ये आज ज्या 'मार्क' पद्धतीने नोंदींची देवाणघेवाण होते तिचे मूळ या चिखलात आहे असे मला वाटते. संगणकाचा जन्म व्हायला तेव्हा जवळजवळ शतक बाकी होते.

मधली पिढी कार्डांची. १९०१ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली. साधारण साडेसात सेंटिमीटर बाय साडेबारा सेंटिमीटरचे कार्ड, खाली दांडी ओवायला भोक. हे भोक आपल्याकडच्या ग्रंथालयांतही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिले आहे. लाकडी खण ओढायचा, बोटाने कार्डे मागेपुढे करायची आणि कुणी कार्ड उपटून नेऊ नये म्हणून आत पितळी किंवा लोखंडी दांडी. कार्डविक्रीने उच्चांक गाठला तो १९६८ मध्ये, वर्षाला ७ कोटी ८० लाखांच्या आसपास. त्याच वर्षी कार्डाचा निकाल लावणारी गोष्टही त्याच इमारतीत तयार झाली.

ती तयार करणाऱ्या हेन्रिएट अव्राम या ग्रंथपाल नव्हत्या. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, हंटर कॉलेजात वैद्यकाच्या पूर्वतयारीचे शिक्षण, मग लग्न, मुले. नवऱ्याच्या नोकरीमुळे कुटुंब वॉशिंग्टनजवळ आले आणि १९५२ मध्ये बाई नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत आयबीएम ७०१ या यंत्रावर प्रोग्रॅमिंग करू लागल्या. त्या काळी हे काम शिकवणाऱ्या शाळा नव्हत्याच. जो बसला तो शिकला. १९६५ च्या मार्च महिन्यात त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या. संगणक इथे चालेल का, याची चाचपणी करणारा गिल्बर्ट किंग समितीचा अहवाल १९६३ मध्ये येऊन गेला होता. चालेल असे त्यात म्हटले होते, पण चालवायचा कसा हे कुणीतरी बसून ठरवायला हवे होते.

अव्रामबाईंनी आधी संगणकाला हात लावलाच नाही. त्या कार्ड घेऊन बसल्या. रूथ फ्रायटॅग आणि के गाइल्स हे ग्रंथालयाचे दोन जाणकार त्यांच्या सोबत. कार्डावरची एकेक गोष्ट धरायची आणि विचारायचे: हे इथे का आहे, हे नेहमी असते का, एकापेक्षा जास्त वेळा येते का, हे नसले तर काय अडेल? नोंदी करण्यात मुरलेल्या तालिकाकाराला असे प्रश्न पडत नाहीत, कारण उत्तरे त्याच्या हातात मुरलेली असतात. बाहेरून आलेल्या बाईंना ते विचारायची सोय होती, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतले निम्मे श्रेय या अडाणीपणाचे आहे. उरलेले निम्मे असे की उत्तरे ऐकल्यावर त्यांनी ती धुडकावली नाहीत. संगणकाची माणसे तेव्हा सर्रास सांगत असत की तुमची माहिती एवढी गुंतागुंतीची कशाला, नाव आणि लेखक पुरे. बाईंनी गुंतागुंत मान्य केली आणि यंत्राला तिच्यापुढे वाकवले. १९६५ च्या जूनमध्येच तिघांचा मार्कचा पहिला आराखडा तयार होता.

१९६६ च्या उत्तरार्धात प्रयोग सुरू झाला. हार्वर्ड, येल, टोरांटो अशा १६ ग्रंथालयांना दर आठवड्याला चुंबकीय टेपचे रीळ जाऊ लागले. १९६८ च्या जूनमध्ये प्रयोग आटोपला तेव्हा इंग्रजी पुस्तकांच्या सुमारे ५० हजार नोंदी टेपवर चढल्या होत्या. पलीकडे या रिळांचे काय करत असत? बऱ्याच ठिकाणी कार्डे छापत असत! संगणकावर शोध घेणे हा मुळात हेतूच नव्हता. टेप म्हणजे कार्डांचा गठ्ठा पोचवायची नवी तऱ्हा. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर हे विसरून चालत नाही.

प्रयोगातून चुका कळल्या आणि ब्रिटिश नॅशनल बिब्लिऑग्राफीच्या लोकांशी बोलून १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, मार्क दोन. १९६९ च्या मार्चपासून टेप रीतसर विक्रीला निघाल्या. आज चालते ती पद्धत हीच, त्यामुळे ती जरा जवळून पाहू.

अडचण अशी होती की पुस्तकाचे नाव किती लांब असेल ते सांगता येत नाही. एक 'कोसला', तर दुसरे दोन ओळी खाणारे. ८० रकान्यांच्या पंचकार्डात शीर्षकाला ठरावीक जागा दिली की एकाचे तुकडे पडतात आणि दुसऱ्याची जागा फुकट जाते. त्यावर मार्कने काढलेला उपाय सुरेख आहे. नोंदीच्या सुरुवातीला २४ अक्षरांचे शीर्ष. त्यातली पहिली पाच म्हणजे संपूर्ण नोंदीची लांबी. टेप सरळ रेषेत वाचली जाते, म्हणून यंत्राला आधीच कळले पाहिजे की कुठवर वाचायचे. आकडे पाचच असल्यामुळे नोंद ९९,९९९ अक्षरांपेक्षा मोठी असू शकत नाही. शीर्षानंतर अनुक्रमणिका: प्रत्येक घटकासाठी बारा आकडे. तीन आकड्यांत घटकाचा क्रमांक, चारांत त्याची लांबी, पाचांत तो कुठून सुरू होतो ते. त्यानंतर खरा मजकूर, सलग, मधे न दिसणारी विभाजक चिन्हे पेरलेली. लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, पृष्ठसंख्या आणि आकार ३०० मध्ये, विषय ६५० मध्ये. तालिकाकार एकमेकांशी याच आकड्यांत बोलतात. 'याचा दोनशे पंचेचाळीस बघ' म्हटले की कुणी 'म्हणजे काय' विचारत नाही. शीर्षाच्या शेवटी ४५०० असे चार आकडे येतात. लांबीला चार आणि जागेला पाच आकडे वापरलेत, एवढाच त्यांचा अर्थ. पन्नास वर्षांहून अधिक काळ जगातल्या कोट्यवधी नोंदींत हे ४५०० जसेच्या तसे छापले जात आहे.

अव्रामबाईंची दूरदृष्टी मला दिसते ती इथे: पाकीट वेगळे आणि पत्र वेगळे. शीर्ष, अनुक्रमणिका, विभाजक हे पाकीट. २४५ म्हणजे शीर्षक हा आतला मजकूर. पाकिटाला १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय प्रमाण मिळाले, झेड ३९.२, आणि १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय, आयएसओ २७०९. आत काय लिहायचे याबद्दल ही प्रमाणे अवाक्षर काढत नाहीत.

तिथेच भाऊबंदकी सुरू झाली. पाकीट सगळ्यांनी घेतले, पत्र ज्याने त्याने आपल्या सोयीने लिहिले. ब्रिटनचा यूकेमार्क, कॅनडाचा कॅनमार्क, फ्रान्सचा इंटरमार्क, शिवाय आणखी कितीतरी. मग या सगळ्यांत दुभाषा हवा म्हणून १९७७ मध्ये इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनिमार्क आणला. त्यात शीर्षक २०० मध्ये जाते आणि लेखक ७०० मध्ये. दुभाषा म्हणून आलेला हा पाहुणा काही देशांत घरचाच होऊन बसला. युनेस्कोने १९८४ मध्ये सीसीएफ हा आपला सामाईक नमुना काढला. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाचे जुळले आणि मार्क २१ हे नाव आले. ब्रिटिश लायब्ररीही नंतर त्यातच आली.

आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात ग्रंथालयांत संगणक आले ते बहुतेक युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या मोफत प्रणालीबरोबर. भारतात तिचे वाटप आणि प्रशिक्षण निस्सात या सरकारी योजनेकडे होते. आयसिस आयएसओ २७०९ ची फाइल काढून द्यायची. त्या फाइलमध्ये मजकूर ८०-८० अक्षरांच्या ओळींत तोडलेला असायचा. पण घटकांना क्रमांक कोणते द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असल्याने एका कॉलेजात शीर्षक २० मध्ये तर शेजारच्या कॉलेजात २४ मध्ये असे सहज होई. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची खरी, पण आतले कोणते काय ते फाइल देणाऱ्यालाच ठाऊक.

मराठीची कथा आणखी वेगळी. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत कार्यालय उघडले. पीएल ४८० या धान्याच्या करारातून अमेरिकेकडे जे रुपये साठले होते त्यांतून भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायची, हे त्याचे काम. त्यांत मराठीही भरपूर. गव्हाच्या पैशांतून आपल्या कादंबऱ्या शिकागोला पोचल्या, हा इतिहासातला एक गमतीचा तिढा आहे. या पुस्तकांच्या नोंदी झाल्या त्या रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि ठिपके देऊन. कारण मार्कसाठी जो जुना अक्षरसंच घडवला गेला त्यात लॅटिननंतर हिब्रू, अरबी, सिरिलिक, ग्रीक, चिनी-जपानी-कोरियन यांची सोय झाली. देवनागरीची झालीच नाही. त्या संचात रेघेचे चिन्ह अक्षराच्या आधी साठवले जाई, जुन्या टंकयंत्रावर आधी मात्रा उमटवून मग अक्षर ठोकावे तसे. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची देवनागरीत सिद्ध करून ठेवली होती, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाच्या संगणकात मात्र 'श्यामची आई' रोमन वेषात बसली.

सगळ्या लिप्यांना सामावणारा युनिकोड आल्यावर दार उघडले. मार्क २१ मध्ये शीर्षाच्या एका ठरलेल्या जागी छोटा 'ए' टाकला की नोंद युनिकोडमध्ये आहे असे समजायचे. रोमन शीर्षक २४५ मध्ये आणि मूळ लिपीतले ८८० मध्ये, दोघांना जोडणारा दुवा सोबत, अशीही रीत आहे. पण टेपच्या काळातले मोजमाप इथे आडवे येते. 'श्यामची आई' या शीर्षकात मधली मोकळी जागा धरून युनिकोडची दहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे नऊ चिन्हांचे २७ आणि मोकळ्या जागेचा एक, एकूण २८. आधीचे दोन निर्देशक (घटक कसा हाताळायचा ते सांगणारी अक्षरे), विभाजक आणि उपघटकाची, म्हणजे घटकातल्या भागाची, खूण मिळून चार, शेवटची घटकसमाप्तीची खूण एक. एकूण ३३. समजा हा घटक १२० व्या जागेपासून सुरू होतो, तर अनुक्रमणिकेत २४५००३३००१२० असे हवे. लांबी बाइटमध्येच मोजायची असा नियम आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून चिन्हे मोजली तर तो ३३ ऐवजी १५ लिहितो, वाचणारे यंत्र पंधराव्या बाइटला शीर्षक कापते आणि पुढचे सगळे घटक सरकतात. इंग्रजी नोंदींवर असा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. मराठी पुस्तकांची पहिली फाइल आली की पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे नाचू लागतात, आणि दोष बिचाऱ्या फॉन्टवर जातो.

आज महाराष्ट्रातल्या कॉलेजातला ग्रंथपाल कोहामध्ये आयएसबीएन टाकून बाहेरून नोंद ओढतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ही मोफत प्रणाली मार्कवरच चालते. इंग्रजी पाठ्यपुस्तकाची नोंद क्षणात येते. मराठी पुस्तकाची आली तर पुष्कळदा रोमनमध्ये येते, आणि मग तो मुकाट्याने २४५ पुन्हा देवनागरीत टंकतो. शेजारच्या कॉलेजातला ग्रंथपालही तेच करत असतो. ज्युएटना जे खटकत होते ते मराठीपुरते अजून संपलेले नाही, आणि याचा दोष पद्धतीला देता येणार नाही. पाकीट केव्हाचे तयार आहे. देवनागरीतल्या चोख नोंदी एका जागी करून वाटणारे कुणी नाही.

मार्कला शिव्या देणारेही कमी नाहीत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. कार्डाच्या माथ्यावर एकाच लेखकाचे नाव मावायचे, म्हणून आजही पहिला लेखक १०० मध्ये आणि बाकीचे ७०० मध्ये. शीर्षक आणि लेखकनाम यांमधली तिरकी रेघ कार्डावर वाचकासाठी होती. उपघटकाची खूण तेच सांगत असताना रेघही हाताने टंकली जाते. इंग्रजी 'द' ने सुरू होणारे शीर्षक वर्णानुक्रमात नीट बसावे म्हणून पहिली चार अक्षरे सोडा असा आकडा द्यावा लागतो. मराठीत तेथे नेहमी शून्य! २००२ मध्ये रॉय टेनंट यांनी 'लायब्ररी जर्नल' मध्ये मार्कने आता मरावे असा लेखच लिहिला. अव्रामबाई तेव्हा हयात होत्या. १९९२ मध्ये त्या निवृत्त झाल्या होत्या आणि २००६ मध्ये वारल्या. २०११ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनेच मार्कच्या जागी नवे काही आणण्याचा उपक्रम जाहीर केला. त्यातून बिबफ्रेम आले. त्यात नोंद म्हणजे एक सलग पट्टी उरत नाही. कृती, तिच्या आवृत्त्या आणि प्रत्यक्ष प्रती वेगळ्या होऊन दुव्यांनी जोडल्या जातात. मार्कमधून बिबफ्रेममध्ये नेणारे प्रोग्रॅम लायब्ररी ऑफ काँग्रेसने आधी लिहिले. नंतर उलट दिशेचेही लिहावे लागले, कारण नोंदी घेणारी बहुतेक ग्रंथालये अजून मार्कच मागतात.