किल्ल्यांचा जुडगा आणि काढून घेतलेली सोय



नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ज्या शाळेंत होतों, तेथें शिक्षकांच्या खोलींत नकाशांचें एक मोठें कपाट होतें. त्याची किल्ली दाराआड एका खिळ्याला टांगलेली असे. ज्याला नकाशा पाहिजे त्यानें किल्ली घ्यावी, नकाशा काढावा, पुन्हां कुलूप लावावें आणि किल्ली खिळ्यावर ठेवावी, असा शिरस्ता होता. एके वर्षीं वरिष्ठांस वाटलें कीं, किल्ली अशी उघड्यावर असणें बरें नव्हे. ती कचेरींत गेली, आणि दर वेळीं वहींत सही करून ती न्यावी असा हुकूम निघाला. हेतु निर्दोष होता. परिणाम मात्र असा झाला कीं, आठवड्याच्या आंत त्या कपाटाला कुलूप लावणेंच बंद पडलें. सकाळीं कोणीतरी तें उघडीत असे, आणि संध्याकाळपर्यंत तें उघडेंच राही. किल्ली सुरक्षित झाली, आणि नकाशे वाऱ्यावर पडले.

ही लहानशी गोष्ट आज आठवण्याचें कारण २०२४ सालीं संगणकांच्या जगांत घडलेली एक हकीकत होय. परवलीचे शब्द, म्हणजे ज्यांना आपण सर्रास पासवर्ड म्हणतों ते, सांभाळून ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून एक सोय काढून टाकण्यांत आली, आणि तें वापरणाऱ्या लोकांत मोठी खळबळ उडाली. तिचा वृत्तांत सांगण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल.

गडाच्या दरवाजाशीं रात्रीं पहारेकऱ्यानें परवल विचारावी, आणि ज्याला ती सांगतां येईल त्यालाच आंत घ्यावें, ही रीत फार जुनी आहे. संगणकानें ती उचलली १९६१ च्या सुमारास. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां येईल अशी व्यवस्था उभी केली. एकाचें काम दुसऱ्याच्या हातीं पडूं नये, म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, अ‍ॅलन शेर नांवाच्या संशोधकानें, आपल्या वांट्याचा वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच त्या यंत्राकडून छापून घेतली. कुलूप आणि चोरवाट यांत एक वर्षाचेंहि अंतर पडलें नाहीं म्हणावयाचें!

परंतु परवलीच्या शब्दाचा खरा शत्रु चोर नसून मनुष्याची स्मरणशक्ति आहे. बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांनीं स्वतः निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनीं तपासले. त्यांपैकीं १५ शब्द केवळ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे होते. कांहीं सरळ शब्दकोशांतून उचललेले होते. एकूण २,८३१, म्हणजे शेंकडा ८६ शब्द, सहज हुडकून काढण्याजोगे निघाले. हे लोक अडाणी नव्हते. संगणक चालविणारेच होते. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता. जें लक्षांत राहतें तें सोपें असतें, आणि जें अवघड असतें तें लक्षांत राहत नाहीं, ही मनुष्यस्वभावाचीच अडचण आहे.

त्या काळीं एका माणसाला एक-दोनच शब्द सांभाळावे लागत. आज बँक, वीजबिल, आगगाडीचें तिकीट, टपाल, निवृत्तिवेतन, प्रत्येकाचें दार निराळें आणि प्रत्येकाची परवल निराळी. एकच शब्द सर्वत्र वापरावा, तर एका ठिकाणची चोरी सर्व घर लुटते. ह्यावर तोड निघाली ती अशी: सर्व शब्द एका पेटींत ठेवावे, त्या पेटीला एकच भक्कम कुलूप असावें, आणि त्याची तेवढी एक किल्ली मनुष्यानें लक्षांत ठेवावी. गुप्तलेखनाचे जाणते ब्रूस श्नायर यांनीं १९९७ सालीं ‘पासवर्ड सेफ’ ह्या नांवानें अशी एक पेटी लोकांपुढें ठेविली. २००३ सालीं डॉमिनिक राइख्ल ह्या जर्मन गृहस्थानें ‘कीपास’ काढलें. त्याच वंशांतील ‘कीपासएक्ससी’ हें सॉफ्टवेअर स्वयंसेवक मंडळी चालवितात. तें विनामूल्य आहे, आणि त्याची पेटी दुसऱ्या कोणाच्या दारीं न राहतां आपल्याच संगणकांत राहते. म्हणून काळजीनें वागणाऱ्या लोकांत त्याला मोठा मान आहे.

ह्या सॉफ्टवेअरमध्यें ब्राउझरशीं जोडणी करण्याची सोय आहे. आपण बँकेचें पान उघडलें कीं पेटी त्या पानाचा पत्ता पाहते, आणि तो ओळखीचा असेल तर योग्य शब्द आपणहून भरूं देते. वरवर पाहतां ही आळशी माणसाची चैन वाटेल. पण तिच्यांत एक पहाराहि दडलेला आहे. भामटे लोक बँकेच्या पानासारखें हुबेहूब पान बनवितात, आणि आपले डोळे फसतात. पेटी मात्र चेहरा पाहत नाहीं. ती पत्ता पाहते. पत्त्यांत एक अक्षर इकडचें तिकडे असलें तरी ती शब्द पुढें करीत नाहीं. म्हणजे सोय आणि सुरक्षितता येथें एकाच धाग्याच्या दोन पदरांसारख्या विणल्या गेल्या आहेत.

आतां मुख्य हकीकत. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं सुरू केलेली ‘डेबियन’ नांवाची एक संगणकप्रणाली आहे. तिचे स्वयंसेवक हजारों सॉफ्टवेअरें मूळ लेखकांकडून घेऊन, आपल्या पद्धतीनें बांधून लोकांस देतात. ‘कीपासएक्ससी’ तेथें बांधणाऱ्या स्वयंसेवकानें २०२४ च्या वसंतांत असा निर्णय घेतला कीं, ह्या पेटींतील सर्व जोड सोयी वगळून तिचा केवळ गाभा ठेवावा. ब्राउझरची जोडणी गेली, संकेतस्थळांचीं चिन्हें उतरवून घेणारा जाळ्याचा भाग गेला, इतरहि जोडण्या गेल्या. ज्याला पूर्वीसारखें पाहिजे त्यानें ‘फुल’ असें शेपूट जोडलेलें दुसरें बांधणें घ्यावें, असें ठरलें. जुनें नांव मात्र ह्या कापलेल्या बांधणीलाच राहिलें.

हा बदल डेबियनच्या ‘सिड’ नांवाच्या कच्च्या शाखेंत आणि चांचणीच्या शाखेंत आला. पक्क्या आवृत्तीच्या लोकांस त्याची झळ लागली नव्हती. तरीहि व्हावयाचें तेंच झालें. लोकांनीं नेहमींप्रमाणें आपला संगणक अद्ययावत् केला, आणि दुसऱ्या दिवशीं ब्राउझर व पेटी यांची बोलचाल बंद! कित्येकांस वाटलें, आपलेंच कांहीं चुकलें. कित्येकांनीं मूळ लेखकांकडे गाऱ्हाणें नेलें, आणि त्यांचा तर ह्यांत कांहींच हात नव्हता. मे २०२४ मध्यें त्या लेखकांनीं जाहीर रीतीनें लोकांस सावध केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, पूर्ण पेटीचें नांव पूर्ण पेटीलाच असूं द्या, आणि कापलेल्या पेटीला नवें नांव द्या. शिवाय, ह्या सोयी ज्याला नकोत त्याच्यासाठीं त्या मुळांतच बंद ठेवलेल्या असतात; ज्याला हव्या तोच त्या सुरू करतो.

दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. बांधणाऱ्या स्वयंसेवकाचा युक्तिवाद असा होता कीं, जिच्यांत आपलें सर्वस्व ठेवावयाचें त्या पेटीला जितक्या कमी फटी तितकें बरें. हा केवळ हट्ट नव्हता. २०१६ व २०१७ सालीं गूगलमधील टॅव्हिस ऑर्मंडी ह्या संशोधकानें ‘लास्टपास’ ह्या दुसऱ्या एका प्रसिद्ध पासवर्ड मॅनेजरच्या ब्राउझर-जोडणींत गंभीर छिद्रें दाखविलीं होतीं. त्यांतून २९ मार्च २०२४ ची घटना अगदीं ताजी होती. त्या दिवशीं अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यानें असें उघडकीस आणलें कीं, ‘एक्सझेड’ नांवाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उपयुक्त सॉफ्टवेअरमध्यें कोणीतरी चोरदार बसविलें आहे. संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या क्षुल्लक खुणेवरून त्यांना संशय आला होता. तें चोरदार डेबियनच्या कच्च्या शाखेपर्यंत पोहोंचलें होतें. घराशेजारीं नुकताच दरोडा पडतां पडतां वांचला असेल, तर माणूस खिडक्या बुजवूं लागतो. त्याला नांवें ठेवणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं.

मग चुकलें कोठें? माझ्या अल्प मतीप्रमाणें दोन ठिकाणीं. पहिली चूक नांवाची. कापलेल्या वस्तूला जुनें नांव दिलें कीं, घेणारा फसवला जातो, मग फसविण्याचा हेतु असो वा नसो. अशा बदलांची टीप सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या बातमीपत्रांत असते, तीं वाचणें लोकांचें काम, असें म्हणतां येईल. पण तीं बातमीपत्रें फारसें कोणी वाचीत नाहीं, हें तीं लिहिणारांनाहि ठाऊक असतें. पुढें अपुरी आणि पूर्ण अशा दोन बांधण्यांतून नांवावरून निवड करण्याची वाट निघाली, तेव्हां ह्या वादाची धार बोथट झाली.

दुसरी चूक अधिक खोल आहे. सोय काढून घेतली म्हणजे मनुष्य जास्त सावध होतो, ही समजूतच खोटी आहे. ब्राउझरची जोडणी तुटल्यावर मनुष्य काय करील? शब्द उचलून हातानें चिकटवील. आणि हातानें चिकटवितांना पत्ता तपासणारें कोणी उरत नाहीं. एक फट बुजली, आणि एक पहारेकरीहि घरीं गेला.

हें तत्त्व कांहीं आजचें नव्हे. मूळचे डच, पण फ्रान्समध्यें भाषा शिकविणारे अध्यापक ऑगस्ट केरकहॉफ्स यांनीं १८८३ सालीं लष्करी गुप्तलेखनावर लेख लिहिला, आणि चांगल्या पद्धतीचीं सहा लक्षणें सांगितलीं. त्यांतील शेवटचें लक्षण असें कीं, ती पद्धत वापरण्यास सोपी असावी, तिनें मनावर ताण पडूं नये आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागूं नये. एका शिक्षकाला हें सुचलें, ह्याचें मला नवल वाटत नाहीं. वर्गांत जो नियम पाळणें अवघड, तो नियम मोडला जाणार, हें शिक्षकाइतकें कोणाला ठाऊक?

सरकारी संस्थांनाहि हें उशिरां कां होईना, पटलें. २०१७ सालीं ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानें संकेतस्थळांस बजावलें कीं, लोकांना पासवर्ड चिकटवूं द्या, त्यांस अडवूं नका. त्याच वर्षीं अमेरिकेच्या मानक संस्थेनेंहि तसाच सल्ला दिला, आणि कारण नसतां ठराविक मुदतीनें शब्द बदलावयास लावूं नये, असेंहि सांगितलें. असे असूनहि मला स्वतःला ज्या एका संकेतस्थळावर दर महिन्यास जावें लागतें, तेथें चिकटविण्यास मनाई आहे. वीस अक्षरांचा अवघड शब्द म्हाताऱ्या बोटांनीं तीन वेळां चुकला कीं दार बंद होतें. शेवटीं मीं तो शब्द सोपा करून घेतला, आणि विसरूं नये म्हणून रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. मीं मुलांना चाळीस वर्षें नियम शिकविले. पण ह्या नियमानें मला काय शिकविलें, हें सांगतांना लाज वाटते.

सोय काढणेंच वाईट, असें मात्र मीं म्हणत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०२५ सालीं आपल्या ‘ऑथेंटिकेटर’मधील पासवर्ड भरण्याची सोय बंद केली. जूनमध्यें नवे शब्द ठेवणें थांबलें, जुलैमध्यें भरणें थांबलें, ऑगस्टपासून ठेवलेले शब्द दिसेनासे झाले. लोक तेथेंहि रुष्ट झालेच. पण टप्पे आधीं सांगितलेले होते, आणि ज्याला आपली चीजवस्तु हलवावयाची त्याला अवधि मिळाला. भाडेकरूला महिन्याची सूचना देणें आणि तो बाजारांत गेला असतां कुलूप बदलणें, ह्यांत जो फरक आहे तोच येथें आहे.

आपल्यापैकीं बहुतेकांनीं ‘डेबियन’ पाहिलेलें नसेल, आणि पाहण्याची जरूरहि नाहीं. पण आपल्या घरांत, कचेरींत, पतपेढींत कोणीतरी रोज कोणती ना कोणती किल्ली खिळ्यावरून काढून आंत नेऊन ठेवीत असतो. तसें करण्यापूर्वीं त्यानें एकदां विचारावें कीं, ही किल्ली रोज कोण वापरतो, आणि उद्यां तो काय करील? आमच्या शाळेंत तो प्रश्न कोणी विचारला नाहीं. पावसाळ्यांत त्या उघड्या कपाटांत ओल शिरली, आणि हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशाला वाळवी लागली. तो नकाशा पुन्हां मिळाला नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.