मोहल्ल्याचा चेंडू, मास्तरांचे नियम

आमचं अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावरचं गाव. इथं व्हॉलीबॉल आहे, कबड्डी आहे, जत्रेत कुस्त्यांचे फड आहेत आणि क्रिकेट तर देशभर आहे तसं इथंही आहे. फुटबॉल मात्र माझ्या पाहण्यात रुजला नाही. शाळेच्या खोलीत हवा गेलेला एखादा चेंडू सापडेल. पण पोरांनी काढलेला, वर्गणीवर चाललेला, बापाकडून मुलाकडे आलेला असा क्लब काही झाला नाही.

हे नवलाचं आहे, कारण 1956 पर्यंत आमचा तालुका हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. आमची राजधानी हैदराबाद, आणि त्याच हैदराबादेत त्या वर्षांत आशियातला नावाजलेला फुटबॉल खेळला जात होता. आमचे अब्बा तरुणपणी कामाच्या शोधात काही महिने तिकडं राहिले. परत येताना त्यांनी काय आणलं, तर रहीमसाहेबांच्या गोष्टी. चेंडू काही आणला नाही. मला फुटबॉल कळला तो आधी असा, कानानं.

सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे बी. ए. (मीही बी. ए. आहे, पण माझ्या बी. ए.नं कुणाचं काही भलं झाल्याचं ऐकिवात नाही.) 1943 साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. 1950 पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली आला आणि या संघानं मुंबईचा रोव्हर्स करंडक 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षं जिंकला. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 असं हरवलं, त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. 1962 साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळालं, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगानं आतून पोखरले गेले होते. जून 1963 मध्ये ते गेले. अलीकडे 2024 साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे हे बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल.

चित्रपटात पदकं दिसतात. मला ओढ आहे ती त्यांनी पोरांसाठी केलेल्या नियमांची. लहान मुलांच्या स्पर्धा भरवताना त्यांनी असे सामने ठेवले की ज्यात चेंडू पायाशी खेळवत एकट्यानं पुढं जायला बंदी. आला की द्यायचा. काही सामन्यांत कमकुवत पायानंच खेळायचं. बहुतेकांच्या बाबतीत म्हणजे डाव्या पायानं. काही स्पर्धांना उंचीची मर्यादा, म्हणजे दांडग्या पोरांनी बारक्यांना चिरडू नये. विचार करा, ज्या मुलाजवळ बूट नाही, घरी पोटभर दूध नाही, त्याला धसमुसळ्या खेळात जागा कुठली? पण चेंडू झटपट पुढं द्यायचा हाच नियम असेल, तर किडकिडीत पोरगंही संघात लागतं. उलट तेच आधी लागतं.

बुटांचंही ऐका. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सकडून 2-1 असे हरले आणि लोकांनी कौतुक केलं. 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं दहा गोल चढवले, तेव्हा कौतुक संपलं आणि बूट सक्तीचे झाले. गरिबीचं कौतुक असंच असतं, जिंकलो किंवा थोडक्यात हरलो तरच चालतं. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतला तुळसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा रहीमसाहेबांच्या नजरेत भरला. सरावाला शहरात यायचं तर परवडत नव्हतं. मास्तरांनी सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. ही आठवण बलराम यांनी म्हातारपणीही सांगितली. तो मुलगा मेलबर्नला गेला आणि जकार्तालाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. आमच्याकडे जे झालं नाही ते विदर्भात झालं, आणि का झालं हे समजायला कामठीला जावं लागतं. नागपूरच्या शेजारी, कन्हान नदीकाठी इंग्रजांनी 1821 च्या सुमारास कामठीची छावणी वसवली. गोरे शिपाई संध्याकाळी फुटबॉल खेळत. त्यांचा खेळ बघायला कुंपणाबाहेर कोण? तर तिथले विणकर. 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून निघालेली मोमीन-अन्सारी विणकरांची कुटुंबं कामठीत आणि नागपूरच्या मोमीनपुऱ्यात येऊन वसली होती. 1877 मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमाग आणि गिरणी, दोन्हींचा आवाज या शहराच्या कानात राहिला. मागावर बसणाऱ्याचे पाय खाली सतत पावड्यांवर चालू असतात. त्या पायांना संध्याकाळी मोकळं मैदान हवंसं वाटलं असेल, अशी माझी आपली कवीची समजूत आहे. इतिहासकारांनी ती मनावर घेऊ नये.

कामठीचा रब्बानी क्लब, मोमीनपुऱ्याचा यंग मुस्लिम क्लब ही नावं नागपूरच्या फुटबॉलमध्ये मानाची आहेत. अशा क्लबांमागे आणखी एक वारा होता. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगनं 1934 ते 1938 सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकली. 1937 साली बंगळूरच्या मुस्लिम संघानं रोव्हर्स करंडक पटकावला. तो जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. 1940 मध्ये मोहम्मडननं ड्युरँडही आणला. तोवर हे करंडक गोऱ्या पलटणींच्या कपाटात जात होते. मग देशभर मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोरांनी क्लब काढले यात आश्चर्य ते काय!

मी मुसलमान आहे, म्हणून इथं थोडं मोकळं बोलतो. बिरादरीच्या नावाचा क्लब म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि काहींची छाती उगाच फुगते. मला दोन्ही पटत नाही. एखाद्या वस्तीनं आपल्या घामाच्या पैशातून पोरांना चेंडू घेऊन दिला, तर त्यावर त्या वस्तीचं नाव असणारच. तालमीवर पेठेचं नाव असतं तसंच ते. खरा प्रश्न पाटीवर काय लिहिलंय हा नाही. शेजारच्या गल्लीतला, वेगळ्या घरचा चांगला खेळणारा पोरगा आला तर त्याला अकरांत घेता का? आणि ते ठरतं कुठं? मैदानात, की ज्येष्ठांच्या बैठकीत? क्लबाचं आयुष्य या उत्तरावर असतं. आणि ज्याला बिरादरी नाही, पेठ नाही, ज्याची वस्ती नकाशातच नाही, त्या पोरानं कुठल्या क्लबाचं दार ठोठवावं, हा प्रश्न तर या सगळ्या जुन्या क्लबांच्या बाहेरच राहिला होता.

तो प्रश्न नागपुरातच एका दुसऱ्या मास्तरांपुढं आला. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक. एका पावसाळी दिवशी त्यांना झोपडपट्टीतली काही मुलं एक मोडकी बादली लाथाडत फुटबॉल खेळताना दिसली. चिखल, पाऊस, बादलीचा खडखडाट आणि पोरं आनंदात. पुढं त्यांनी अशा मुलांना खेळायला चेंडू दिला आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मैदानात असेपर्यंत ही मुलं नशा करत नाहीत, मारामाऱ्या करत नाहीत, पाकीट मारत नाहीत. म्हणजे तास दोन तास तरी ती सगळ्यापासून लांब राहतात. शिक्षकाला याहून अधिक काय हवं, असं ते सांगतात.

2001 मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाला. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ आले. अट एकच, खेळाडू झोपडपट्टीत राहणारा हवा. हे उलटं बघा. शाळेच्या अर्जावर, नोकरीच्या अर्जावर, सोयरिकीच्या बोलणीत जो पत्ता पोरं लपवतात, तोच पत्ता इथं प्रवेशाचा दाखला झाला. नावाला नाकं मुरडणारे होतेच. झोपडपट्टी हा शब्द कशाला, काहीतरी गोड नाव ठेवा म्हणणारे आपल्याकडे नेहमी भेटतात, आणि ते बहुधा पक्क्या घरात राहतात.

पुढचा प्रवास लांबचा आहे, तो थोडक्यात सांगतो. बेघर आणि वंचितांसाठीची विश्वचषक स्पर्धा, जिला होमलेस वर्ल्ड कप म्हणतात, 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. बारसे सर 2006 साली केपटाऊनची स्पर्धा बघून आले. 2007 मध्ये कोपनहेगनला आपली मुलं उतरली. संस्थेला पुढं ‘स्लम सॉकर’ हे नाव जगभर मिळालं. सरांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातून नागपूरबाहेर जमीन घेतली. मुलगा अभिजित परदेशातलं काम सोडून त्यांच्याबरोबर आला. 2014 मध्ये ‘सत्यमेव जयते’त देशानं त्यांना पाहिलं, 2016 मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार संस्थेला मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. अमिताभ बच्चन त्यात मास्तर झाले, आणि पोरं मात्र नागपूरच्या वस्त्यांतलीच होती.

‘झुंड’ मला आवडला. तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती नागराजवर नाही, सिनेमा या प्रकारावरच आहे. सिनेमाला शिट्टी, गोल आणि विमान लागतं. क्लब चालतो तो या तिन्हींच्या अधल्यामधल्या दिवसांवर. ठरल्या वेळी कुणीतरी मैदानात हजर असावं लागतं, पाऊस असला तरी आणि मुलं चारच आली तरी. चेंडूत हवा भरावी लागते. पोलीस चौकीतून एखाद्याला सोडवून आणावं लागतं. एखाद्या मुलीच्या आईला चार वेळा जाऊन सांगावं लागतं की पोरगी खेळली तर काही बिघडत नाही, आणि अर्ध्या चड्डीचा प्रश्न असेल तर पायजमा घालून खेळू दे. स्लम सॉकरमध्ये मुली मोठ्या संख्येनं आल्या, त्यांचे संघ परदेशी गेले, आणि ‘एज्युकिक’ नावाच्या उपक्रमात खेळता खेळता शाळेचा अभ्यासही आला. हे सारं उंबऱ्यावरच्या अशा बोलण्यांतून आलेलं असतं. ते पडद्यावर दिसत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

इथंही नियमांकडे बघा, रहीमसाहेबांची आठवण होते. होमलेस वर्ल्ड कपचं मैदान जेमतेम 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. गोलरक्षक धरून एका बाजूला चार खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव, की संपलं. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल, आणि त्यात हरणाऱ्यालाही एक गुण. ज्याच्या अंगात नव्वद मिनिटं पळायचं बळ नाही, ज्यानं कालपर्यंत फेविकॉल-पेट्रोल हुंगलंय, त्याला चौदा मिनिटं जमतात. एवढी जागा तर आमच्या आठवडी बाजाराच्या एका कोपऱ्यातही निघेल. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांना मैदान नाही, मैदान नाही असं आपण नेहमी म्हणतो. मीही म्हणत आलोय. 22 गुणिले 16 मोजून पाहिल्यापासून जरा जपून म्हणतो.

या स्पर्धेचा आणखी एक नियम आहे. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल केले असोत, पुढल्या वर्षी त्याचं नाव यादीत घालता येत नाही. त्यामुळे नागपूरला दर वर्षी नवी मुलं शोधावी लागतात, नव्या वस्त्यांत जावं लागतं, कागदपत्रं नसलेल्यांचे पासपोर्ट पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागतात. आणि जो जाऊन आला तो परत वस्तीत येतो. त्यांतले काही मग शिट्टी गळ्यात अडकवतात आणि दुपारी मैदानात धाकट्यांना शिकवायला उभे राहतात.