जुन्या बुटापासून ब्रेक पॅडपर्यंत

मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा ब्रेक पॅड तळहातावर सहज मावतो. पोलादी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट थर, एवढंच ते प्रकरण. हा थर मिलिमीटरभर उरला की घरच्या अंगणातही पॅड बदलता येतो. पण डिस्क ब्रेकच्या इतिहासातला खरा नायक हा झिजणारा थरच आहे. डिस्कची कल्पना आधीच सुचली होती, तिला धरणारा पॅड मात्र बराच उशिरा सापडला.

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले उतार लागला की ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुना बूट लावायचे. लोखंडी धावेवर लाकूड घसरायचं, चामडं पकड घ्यायचं. हर्बर्ट फ्रूड यांनी हे पाहिलं आणि घर्षणासाठी वेगळा, बदलता येणारा पदार्थ हवा हे ओळखलं. १८९७ मध्ये त्यांनी त्यावर काम सुरू केलं, त्यातून ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे विणलेल्या कापसाचे पट्टे घोडागाड्यांना पुरले, मोटारी आल्यावर उष्णतेनं करपू लागले. १९०८ मध्ये फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले.

त्याच सुमारास, १९०२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. मागच्या चाकाला जोडलेली धातूची चकती आणि तिची कड दोन्ही बाजूंनी चिमटणारे जबडे. रचना आजच्यासारखीच, फक्त जबड्यांना अस्तर होतं तांब्याचं. धातूवर धातू घासला की ब्रेक असा किंचाळायचा की लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. लुई रेनॉ यांनी त्याच वर्षी आणलेला ड्रम ब्रेक पुढची पन्नास वर्षं चालला. त्याचा दोष एकच, पण मोठा: ब्रेक शू बंद डब्यात घासतात, उष्णता आतच कोंडते आणि लांब उतारावर ब्रेक ढिला पडतो.

डिस्कचे दिवस पालटले विमानांमुळे. डनलॉपनं विमानांसाठी घडवलेले डिस्क ब्रेक जॅग्वारनं शर्यतीच्या गाडीला लावले आणि १९५३ ची ‘ल मां’ शर्यत जिंकली, तीही ताशी १६० किलोमीटरच्या वर सरासरी राखून. दुचाकीवर लॅम्ब्रेटानं १९६२ मध्ये टीव्ही १७५ स्कूटरला केबलनं चालणारी डिस्क दिली. १९६९ च्या होंडा सीबी७५० वर ती ऑइलच्या दाबावर चालू लागली, पण फक्त पुढच्या चाकाला. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकतं, मागच्या चाकावरचा भार हलका होतो. तिथं ड्रम पुरेसा वाटायचा. १९७५ च्या होंडा गोल्डविंगला मागंही डिस्क होती. भारतात १९९९ च्या सीबीझेड मोटरसायकलनं पुढची डिस्क तरुणांच्या ओळखीची केली, आणि २००७ मध्ये पुण्याच्या बजाजच्या पल्सर २२० ला मागचीही आली. पायाच्या ब्रेकवरच सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना मागचे पॅड किती लवकर संपतात, हे तेव्हापासून कळू लागलं.

दरम्यान ॲस्बेस्टॉसची काळी बाजू उघड झाली. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि कर्करोग होतो. ब्रिटननं १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. ड्युपाँटच्या स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलारसारखे तंतू पॅडमध्ये त्याच्या जागी आले. दुसरी वाट सिंटर्ड पॅडची: धातूंची भुकटी दाबून, तापवून घट्ट केलेली. ओल्या डिस्कवरही हे पॅड चांगली पकड घेतात. त्या भुकटीत बहुधा तांबं असतं. लँचेस्टर यांचा धातू अगदीच चुकीचा नव्हता. त्याला योग्य रूप मिळायला काही दशकं जावी लागली.

आता अंगणातल्या कामाकडे. पिन काढून जुने पॅड बाहेर आले की नवे जाड पॅड मावत नाहीत, कारण त्यांना डिस्कवर दाबणारा पिस्टन पुढे आलेला असतो. त्याच्याभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील प्रत्येक ब्रेकला थोडं पिळवटतं आणि सोडताच पिस्टनला केसभर मागं खेचतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून तेवढाच पुढे सरकतो, म्हणून डिस्क ब्रेकला ड्रमसारखं नट फिरवून ‘टाइट’ करावं लागत नाही. किती सुंदर सोय, आणि तीही एका रबरी कड्यात! पिस्टन साफ करून हळूच आत दाबायचा. तेव्हा डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी वर चढते, म्हणून डबीवर नजर हवी. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग निघतो. पॅडची धूळ तोंडानं फुंकायची नाही, ब्रेक क्लीनरनं धुवायची. नवे पॅड बसले की गाडी हलवण्याआधी पायाचा ब्रेक कडक लागेपर्यंत दाबत राहायचा, कारण पिस्टन अजून मागंच असतो आणि पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही.