आगुंबे : डोंगराच्या पाल्यावर जगलेलं गाव



आज थोडी आपल्या शिवाराबाहेरची नोंद. पण सुपारीवाल्यांनी आणि घाटमाथ्यावर शेती करणाऱ्या सगळ्यांनी वाचावी अशी.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात आगुंबे नावाचं लहानसं गाव आहे. सह्याद्रीच्या अगदी कडेवर. तिथून १४ वळणांचा घाट खाली सोमेश्वर-उडुपीकडं उतरतो. आभाळ मोकळं असलं तर संध्याकाळी कड्यावरून समुद्रात बुडणारा सूर्य दिसतो. वर्षाचा पाऊस सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर. १९४६ च्या एका ऑगस्ट महिन्यात ४,५०८ मि.मी. पडल्याची नोंद आहे. आपल्या दुष्काळी पट्ट्यात आठ-नऊ वर्षांत पडत नाही तेवढा एका महिन्यात!

लोकांना हे गाव टीव्हीमुळं माहीत. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' मालिका १९८६ साली दूरदर्शनवर आली, तिचं चित्रीकरण इथं झालं. त्यातलं 'दोड्डमने' म्हणजे मोठं घर, अजून उभं आहे. दुसरी ओळख नागराजाची, म्हणजे किंग कोब्राची. रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली इथं वर्षावन संशोधन केंद्र काढलं. एवढा मोठा विषारी साप घराच्या मागं निघाला तरी इथली माणसं काठी उचलत नाहीत, त्याला देव मानतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात आगुंब्याचं राखीव जंगलही आहे.

पण शेतकऱ्याच्या डोळ्यानं बघितलं तर या गावाचा खरा वारसा वेगळाच आहे. तो आहे बाग आणि डोंगर यांच्यातल्या हिशोबाचा.

एवढ्या पावसात उताराची माती टिकत नाही, खत तर वाहूनच जातं. म्हणून मलनाडातल्या जुन्या लोकांनी पोफळीच्या बागा दोन टेकड्यांमधल्या घळीत लावल्या. ओळींच्या मधून खोल चर काढले, कारण पोफळीच्या मुळात पाणी साठलं की झाड गेलं. आणि वरच्या उतारावरचं रान पाल्यासाठी ठेवलं. त्याला कन्नडमध्ये 'सोप्पिन बेट्ट' म्हणतात. सोप्पु म्हणजे हिरवा पाला, बेट्ट म्हणजे डोंगर. तिथला पाला गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, शेण-मुतात भिजला की बागेत टाकायचा. खत होतं, पावसाचा मार मातीला बसत नाही, उन्हाळ्यात ओल राहते. जमीन सरकारची, पण पाला घ्यायचा हक्क बागायतदाराचा. झाड तोडायचं नाही, फांद्या छाटायच्या. शिरसीकडचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. तिथं तर एक एकर बागेमागं नऊ एकरांपर्यंत बेट्ट देत. एकाला नऊ! यावरून समजून घ्या की बाग कशाच्या जिवावर उभी होती.

हिशोबाची ही सवय जुनी आहे. हा मुलूख केळदीच्या नायकांचा. १६८९ साली राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा त्यांना आसरा देणारी राणी चेन्नम्मा याच घराण्यातली. तिच्या आधी १६४५ ते १६६० पर्यंत शिवप्पा नायक राजा होता. त्याच्या सारापद्धतीला 'शिस्त' म्हणत. म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरात लिहिलंय, की त्यानं गावोगाव प्रत्येक प्रतीचं एकेक शेत बारा वर्षं स्वतःच्या खर्चानं पिकवून घेतलं. बी किती, खर्च किती, उत्पन्न किती, सगळं लिहून ठेवलं, सरासरी काढली आणि मगच सारा ठरवला. बारा वर्षांचं प्रात्यक्षिक! आज एका हंगामाच्या प्लॉटवर शिफारस सांगणाऱ्यांनी हे वाचावं.

पावसानं इथली सुपारीही वेगळी केली. आपल्याकडं श्रीवर्धनी रोठा झाडावर पिकवतात आणि सालीसकट वाळवतात, त्याला चाळीस-पन्नास दिवस कडक ऊन लागतं. मलनाडात सुपारी कोवळी, हिरवी असतानाच काढतात, सोलतात, कापतात, लाल काढ्यात उकडतात आणि मग वाळवतात. तीच बाजारातली लाल सुपारी.

आणि पावसाचा शाप म्हणजे कोळेरोग. आपल्या कोकणातही हेच नाव आहे. कन्नडमध्ये कोळे म्हणजे कुजणं. झड लागली की हिरवी सुपारी कुजून खाली सडा पडतो. पूर्वी प्रत्येक घोसाला पोफळीच्या पानाच्या रुंद बुडाची टोपी बांधत. हो, ज्याच्या आज पत्रावळ्या होतात तेच. १९०८ साली लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे शास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानात आले. त्यांनी या रोगाची बुरशी ओळखली, १९१० साली त्यावर पुस्तिका काढली आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी शिकवली. शंभर वर्षं झाली, अजून तेच चालतंय : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून बघायची. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे.

आता दुखणं सांगतो. मलनाडात सध्या पिवळ्या पानाचा रोग आणि पानावरचे ठिपके या दोन्हींनी बागा बसत चालल्यात. पिवळ्या पानाच्या रोगावर अजून खात्रीचं औषध नाही. दुसरीकडं चन्नगिरी-दावणगेरेच्या मैदानात बोअरच्या पाण्यावर सुपारी वाढत चाललीय. तिथं पाऊस कमी, म्हणून कोळेरोगाचा त्रासही कमी. मग डोंगरातल्या माणसाला वाटतं, आपणही बेट्ट साफ करून बाग वाढवावी. गुरं कमी झाली, पाला गोळा करायला माणूस नाही, म्हणून डोंगर बिनकामाचा दिसायला लागतो.

पण डोंगर गेला की खालची बाग नुसत्या पोत्यातल्या खतावर या पावसात किती वर्षं तग धरणार? सात हजार मिलिमीटर पाऊस ते खत ओढ्याला नेतो. भाव पडला तर पुन्हा चढतो, पण उतारावरची माती एकदा गेली की आपल्या हयातीत परत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यादीत नाव आलं म्हणून जंगल वाचत नाही. ज्याच्या बागेला त्याचा पाला लागतो, तो शेतकरी टिकला तर ते वाचतं. आंबोली, चंदगड, दोडामार्ग, आपल्या घाटातही हाच प्रश्न आहे. नवी लागवड करताना रोपं मोजतो, पाणी मोजतो, तसा मागं पाला देणारा डोंगर किती उरलाय तेही मोजा.

तुमच्या गावात बागेमागं रान ठेवायची जुनी रीत होती का? तिला काय नाव होतं? खाली लिहा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.