अजिंठा : प्रतिकृती-मोहिमा

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांत मुक्काम करून चित्रकारांनी व कलाविद्यार्थ्यांनी भित्तिचित्रांच्या प्रती तयार करण्याचे केलेले दीर्घ काम. विरत चाललेली चित्रे नोंदवून ठेवणे हा त्याचा जाहीर हेतू होता. मात्र त्यातून घडलेले कलाशिक्षण हेच या मोहिमांचे मोठे फलित मानावे लागते.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये या कामावर नेमणूक झाली. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेली बहुतेक तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली.

पुढची मोहीम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची. जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्यास जात. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बमनजी त्यांपैकीच. लेण्यांत उजेड अपुरा, भिंतींवर काजळी आणि वटवाघळांची घाण, कड्याला मधमाश्यांची पोळी. अशा जागी एकेका आकृतीसमोर दिवसचे दिवस बसल्यावर जे उमगते, ते वर्गात शिकवता येत नाही. उभ्या भिंतीवर कुंचल्याच्या एकाच फटक्यात ओढलेली लांब, नाजूक वळणाची रेषा पाहून ग्रिफिथ्स थक्क झाले. तशीच सफाई छतावरही दिसल्यावर तर तो त्यांना चमत्कारच वाटला. युरोपीय छायाप्रकाश शिकवणाऱ्या शाळेच्या प्रमुखाला देशी रेषेचे मोल भिंतीने पटवून दिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण त्या भिंतीला झळही बसली : रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश लावले गेले, ते पुढे पिवळे पडले व चित्रांना बाधले. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी शंभराहून अधिक १८८५ मध्ये तेथील आगीत गेल्या. उरलेल्या सामग्रीच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये निघाला. त्यावर नाव त्यांचे एकट्याचे असले, तरी प्रत्यक्ष चित्रणाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांचा होता, हे सांगितलेच पाहिजे.

इंग्रज चित्रकार ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ दरम्यानच्या दोन हिवाळ्यांत फर्दापूरजवळ तळ दिला. अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व के. व्यंकटप्पा, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन त्यांच्या चमूत होते. या मुक्कामाचा सर्वांत खोल ठसा नंदलाल यांच्यावर उमटला. आकृती बाह्यरेषेत बांधण्याची त्यांची हातोटी व भित्तिचित्रणाची ओढ यांची मुळे येथे सापडतात. १९२१ मध्ये ते हालदार व सुरेंद्रनाथ कर यांच्यासह ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांच्या प्रती करण्यास गेले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात विद्यार्थ्यांना प्रवासास नेऊन, तेथेच रेखाटने करायला लावण्याची प्रथाही त्यांनी रुजवली.

जपानी चित्रकार अराई काम्पो यांनीही सहकाऱ्यांसह अजिंठ्यात काम केले. त्यांनी केलेल्या प्रती १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या.

आगीतून वाचलेल्या जे. जे.च्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरील गिलावा जेथे नंतर गळून पडला, तेथील चित्रांसाठी अभ्यासकांना आज याच प्रतींकडे वळावे लागते.