टाकीतून पळालेलं शेवाळ

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांचा मोठा वैरी म्हणजे शेवाळ. माशांचं खाणं आणि विष्ठा यांतून पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साचतं. दगड कितीही घासा, खत पाण्यातच आहे म्हटल्यावर शेवाळ परत येणारच.

स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी यावर भारी शक्कल काढली. शेवाळ मुद्दाम वाढवायचं, पण बाजूला, दिव्याखालच्या जाळीवर. मग ते खरवडून फेकलं की खतही बाहेर! १९८२ साली त्यांना याचं पेटंट मिळालं.

काही जण याच कामासाठी टाकीत कॉलर्पा लावायचे. दिसायला सुंदर, वाढायला सुसाट. यातली टॅक्सिफोलिया ही जात जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या मत्स्यालयात होती आणि तिथला वाण गार पाण्यातही तगायचा. तो मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात पोचला. १९८४ मध्ये त्याच इमारतीखाली, भूमध्य समुद्रात ती दिसली. किती? जेमतेम १ चौरस मीटर. तेव्हा एका दुपारी उपटून झाली असती, पण कुणी उपटली नाही. पुढे ती फ्रान्स, इटली, स्पेन, पार क्रोएशियापर्यंत पसरली.

२००० साली तोच वाण कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडला. तिथे मात्र लगेच ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडलं. २००६ मध्ये खाडी साफ जाहीर झाली, खर्च ७० लाख डॉलरच्या आसपास!

आता बरेच जण कॉलर्पाऐवजी चेटोमॉर्फा वापरतात. दिसतं अगदी गुंता झालेल्या हिरव्या नायलॉन दोऱ्यासारखं.